पवळी शाणी झाली त्याची गोष्ट

...आणि वर मलाच बोलतात, "एवढं आयुष्य गुरांत गेलं आणि तुम्हाला कळलं नाही?" आता कसं कळणार, तुम्हीच सांगा! कालचं वासरू हो ते, कालचं!

आमची पवळी हो, पाडी आमची. आई मेली तेव्हा हिला नीट उभं राहता येत नव्हतं, मी मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजलंय! आणि तेव्हापासून आमच्या घरात पिशवीतलं दूध. आमची बायको तुळसा रोज सकाळी कपात बघते आणि बोलते, "चहा आहे की तांदळाचं धुवण?" म्हणून पाली गावातल्या गुरांच्या डॉक्टरला सांगून ठेवलं होतं, की पाडी माजावर आली की चांगल्या जातीचं बी भरायचं, मग घरात चरवीभर दूध! तो बोलला, "आजोबा, वेळ चुकवू नका हां, एक दिवसाचा खेळ असतो." मी बोललो, चुकतोय कसला! मला घाई नाही, मी बसलोय वाट बघत...

आणि त्या दिवशी सकाळी, तुम्हाला सांगतो, पवळीनं जो हंबरडा फोडला... वैरण खाईना, पाणी पिईना, शेपूट वर, कान टवकारलेले, आणि हंऽऽब्बा! तुळसा धावली मीठमिरच्या घेऊन. "दृष्ट लागली गो माझ्या बायला!" ओवाळलं, चुलीत टाकलं, आम्ही सगळे खोकलो, पवळी हंऽऽब्बा! मग आला आमचा गावकार भागोजी, गावाच्या वतीनं देवाशी बोलणारा. त्यानं नुसतं हुंगलं आणि बोलला, "वाघरू फिरतंय! गाऱ्हाणं घालूया." माझ्या मनात एकदा आलं हो, की... पण छे! कालचं वासरू हो ते, कालचं!

झालं! अंगणात बांधलेल्या पवळीपुढं नारळ आला, माणसं जमली, भागोजीनं डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकराच्या गुराढोरांवर जी काय वायट नजर आली आसंल..."

"व्हय म्हाराजा!"

"ती बारा कोसांवर घालव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हंऽऽब्बा!" तीसुद्धा साथीला! आणि भागोजी नारळ ठेवायला जरा वाकला मात्र... हिनं पुढचे दोन्ही पाय टाकले की त्याच्या पाठीवर! तो खाली बोंबलतोय, "काढा रं हिला!" आणि मागची माणसं डोळे मिटून, "व्हय म्हाराजा!"

तुळसानं कपाळावर हात मारला. "अवो, कसलं वाघरू आणि कसली नजर! पोर शाणी झाली तुमची!"

अरे देवा! मी पळालो! ह्या वयात, हो! आमच्याकडे फोनला रेंज कुठं, तर वर डोंगरावरच्या सड्यावर. चढलो धापा टाकत. डॉक्टर बोलला, "निघालोच! बांधून ठेवा तिला." उतरलो खाली, तर दावं तुटलेलं, आणि सगळे त्या भागोजीची पाठ चोळतायत! अहो पवळी कुठाय? कुणाला पत्ता नाही!

खुरांच्या मागानं गेलो. घरामागच्या परड्यातून, कुंपण मोडून, सरळ... शेजारच्या दादूच्या गोठ्यात! आता दादूचं आणि माझं बोलणं बंद. का? तर त्याच्या खोंडानं माझी चवळी फस्त केली होती, आणि मी गावभर बोललो होतो, "हा खोंड नाही, शिंगं फुटलेली शेळी आहे!" आणि बघतो तर काय, ती शेळी, म्हणजे तो खोंड, ऐटीत उभा, आणि आमची पवळी शेजारी शांतपणे रवंथ करतेय! जसं काही झालंच नाही! कालचं वासरू हो ते...

दादू बांधावर तंबाखू मळत होता. बोलला, "या व्याहीबुवा! गुपचूप लगीन केलंत? आधी बोलला असतात तर मांडव तरी घातला असता!"

तेवढ्यात डॉक्टरची फटफटी आली. त्यानं पवळीकडे बघितलं, खोंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आता माझं काय काम, आजोबा?" आमच्या घरचा चहा प्यायला, तोंड वाकडं केलं आणि गेला.

पुढं त्यानंच तपासून सांगितलं, गाभण आहे. वासरू होणार बापासारखं खादाड, तुळसा बोलते, आपल्याला दूध उरलं तर कपभर. चालेल हो, कपभर तर कपभर! पण दादू आत्तापासून रोज सकाळी ओटीवर येऊन बसतो. "सून कशी आहे?" आता व्याह्याला नुसतं कसं पाठवणार? तेव्हा तुम्हाला सांगतो, ते कपभर दूधही त्याच्याच चहात जाणार... आणि आम्ही दोघं पिणार धुवण!