नळीखालचं अक्षर

"हॅलो?… कोण, ललिता? बोल ना."

उज्वला सिडकोतल्या घरी मेथी निवडत बसली होती. मालेगावहून ललिताचा शेवटचा फोन येऊन चार वर्षं झाली असतील. तरुणपणी दोघी नाशिकच्या एकाच क्लबात नेमबाजी शिकल्या. क्लबाच्या त्र्याऐंशी सालच्या रौप्यमहोत्सवी स्पर्धेत हवेत उडवलेल्या शेवटच्या तबकडीवरचा उज्वलाचा नेम चुकला आणि चांदीची पट्टी जडवलेली दुनळी बंदूक बक्षीस म्हणून ललिताला मिळाली. उज्वलाला ते कधी पचलंच नाही.

"हो, हो… अगं ऐक ना, सावकाश सांग. खोटी आहे असं कोण म्हणतंय?"

क्लबाचं प्रदर्शन भरणार होतं. त्यात ललिताची बंदूक मांडायची होती, पण ती मधली दहा वर्षं एका बंदूक-विक्रेत्याकडे ठेवलेली होती. तिथे पट्टी काढून दुसऱ्याच बंदुकीवर बसवली असेल, अशी शंका कुणीतरी काढली होती. उज्वलाच्या वडिलांचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं, शिक्के तिला तोंडपाठ. म्हणून हा फोन.

"आधी उघडून बघ, काडतूस नाही ना आत?… दोन्ही नळ्या बघ… बरं. आता पुढचं लाकूड काढ. नळीच्या खालच्या अंगाला शिक्का आहे?… त्याच्या शेजारी इंग्रजी अक्षर असेल. के? नीट बघ, एच नाही ना?… आणि नंबराआधी काय आहे? तारा?"

उज्वलाचा हात मेथीवर थांबला. के म्हणजे त्र्याऐंशी साल, आणि तारा फक्त महोत्सवाच्या बंदुकांवर मारलेला. बंदूक अस्सल होती. हे तिच्याशिवाय कुणाला सांगता येणार नव्हतं.

"के म्हणजे एक्याण्णव, ललिता… हो, नंतरची. बदललीय कुणीतरी."

ललिताने वाद घातला नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, म्हणाली. सोमवारी पोलीस ठाण्यात जमा करते, परवानाही रद्द करून टाकते. तिचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. उज्वलाला वाटलं होतं, आज तरी जिवाला गार वाटेल. तसं काही वाटेना.

"थांब, ठेवू नकोस… के म्हणजे त्र्याऐंशी. तुझीच आहे ती… नाही, चुकले नाही. मुद्दाम सांगितलं."

मग ललिताने एवढंच विचारलं, इतकी वर्षं?

"हो… अजूनही जळते. आत्तासुद्धा."

क्लबाला हे लेखी लागेल, ललिता कोरडेपणाने म्हणाली. शिक्का, साल, आणि बंदूक कुणी जिंकली तेही.

"देते लिहून… हो, तुझं नाव घालून. खाली माझी सही… हॅलो?… ललिता?"

ललिताने फोन ठेवला होता. उज्वलाने मेथीचं ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि कोरा कागद शोधायला उठली.