राब्याचं नाटक

ताई, आधीच सांगतो, केंद्राच्या मॅडमनी तुम्हाला ज्या गोड आठवणींसाठी माझ्याकडे पाठवलंय, तसलं स्मरणिकेत घालायला माझ्याकडे काही नाही. जे आहे ते सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. बायकोला सांगितलं नाही, मुलाला नाही, देवापुढेसुद्धा बोललो नाही, म्हटलं त्याला ठाऊकच आहे, उगाच कशाला. आता डॉक्टर माझ्याशी फार गोड बोलायला लागलाय, तेव्हा लिहून घ्या. जसं बोलतो तसं लिहा. जन्मभर दुसऱ्यांचं शुद्धलेखन सुधारलं, माझं आता कोणी सुधारू नये.

माझा जन्म नेऱ्याच्या पुढचा, डोंगराच्या पायथ्याचा. बाप भात करायचा. भाताच्या आधी राब असतो, तुम्ही पनवेलच्या, तुम्हाला माहीत नसेल. ज्या तुकड्यात रोप टाकायचं तिथे उन्हाळ्यात शेण पसरायचं, त्यावर डहाळ्या, पातेरा, गवत, आणि वरून माती भुरभुरायची, मग ते सगळं भाजून काढायचं, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमाने येतं. पण पेटवायचं वाऱ्याच्या उलट तोंडाने. आग वाऱ्याच्या अंगावर चालत गेली पाहिजे, सावकाश, म्हातारी बाजाराला जाते तशी. वाऱ्याबरोबर सोडली की ती पळते, आणि पळालेली आग कोणाच्या बापाची नसते. हे आम्हाला चालायला लागल्यापासून माहीत. बाप चिमूटभर धूळ वर सोडायचा, ती कुठे जाते बघायचा, आणि मग काडी ओढायचा.

आमच्या बांधाला लागून जोमाच्या बापाचं शेत. जोमा माझ्या बरोबरीचा. चौथीत त्याने शाळा सोडली, मी पुढे शिकलो, मास्तर झालो, एवढाच काय तो फरक. आणि दुसरा फरक म्हणजे गावात मला मान होता तो पगाराचा, आणि त्याला होता तो हाताचा. गावातला प्रत्येक राब जोमा पेटवायचा. बायका म्हणायच्या, जोमाचा हात लागला की राब सारखा भाजतो, कुठे कच्चा राहत नाही. कोणाचाही राब असो, आधी जोमाला निरोप, मग काडेपेटी. काय सांगू तुम्हाला, नवऱ्या मुलाला हळद लावायला जसं बोलावतात तसं त्याला बोलावायचे.

मी निवृत्त झालो आणि त्याच सुमारास तुमचं हे केंद्र आमच्या गावाच्या डोक्यावर, डोंगराच्या उतारावर उभं राहिलं. निसर्ग शिक्षण म्हणे. मॅडम घरी आल्या, म्हणाल्या, गुरुजी, तुमच्यासारखा मातीतला माणूस हवाय. मी हुरळलो. पहिल्याच दिवशी मला धोतर नेसवलं, डोक्याला फेटा. अहो, मी जन्मभर टेरिकॉटची पँट घातलेला माणूस, माझ्या बापानेसुद्धा लग्नातच फेटा बांधला असेल. पण निसर्ग आजोबा म्हणून पाटी लावली आणि मी त्या पाटीखाली बसलो. बसलो म्हणजे काय, शोभलो.

उन्हाळी शिबिरं सुरू झाली. त्यांचं काय वर्णन करू? आईबाप खारघर-वाशीहून गाड्या घेऊन यायचे आणि पोरं मातीशी मैत्री करेपर्यंत गाडीत एसी लावून बसायचे, इंजिन चालू. अनवाणी चालण्याचा एक कार्यक्रम असायचा, त्याच्या आदल्या दिवशी गावातल्या बायका लावून ती वाट झाडून घ्यायची, खडा राहता कामा नये. चिखलात लोळण्याचा एक कार्यक्रम, त्याला माती नर्सरीतून आणायची, चाळून. एक बाई मला विचारते, आजोबा, हे शेण ऑरगॅनिक आहे ना? मी म्हटलं, म्हशीला विचारून सांगतो. सगळे हसले, टाळ्या वाजल्या, आणि मला वाटलं मी त्यांची टिंगल केली. टिंगल त्यांनी माझी केली होती, ते मला उशिरा कळलं. प्लास्टिक वापरू नका यावर भाषण, आणि भाषणानंतर पाण्याच्या बाटल्यांचं वाटप. देणगीदारांच्या नावाने उतारावर रोपं लावायची, प्रत्येक रोपाला पत्र्याची पाटी, पाटी रोपापेक्षा उंच. रोप मेलं तर तिथे दुसरं लावायचं, पाटी तीच. मी सगळ्याला मान डोलावली. त्या सगळ्या ढोंग्यांत खरा ढोंगी फेटा बांधून बसलेला होता.

एका वर्षी शिबिराच्या समारोपाला मॅडमनी शेकोटी ठेवली. दिवस मावळताना, म्हणजे फोटो चांगले येतात. जागा कुठली, तर वरच्या टोकाला, उताराच्या कडेला, वाळलेल्या गवताला लागून, कारण तिथून पनवेलचे दिवे दिसतात. मॅडमनी मला विचारलं, गुरुजी, चालेल ना? ताई, त्यांनी विचारलं होतं, हे लिहा. मी वाकलो, चिमूटभर धूळ उचलली, वर सोडली. ती सरळ डोंगराकडे, त्या गवतावर गेली. सगळ्यांनी बघितलं, कोणीतरी त्याचाही फोटो काढला. आणि मी म्हटलं, चालेल.

का म्हटलं? गवतात उभे राहून सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते म्हणून. दुसरं कारण नाही.

गाणी झाली, नाच झाला. शेकोटी विझवायचं काम माझं, बादली भरून ठेवलेली. मी बादली वरून ओतली, वाफ निघाली, आणि खालून मॅडमनी माईकवर माझं नाव पुकारलं, शाल-श्रीफळाला. राब भाजलेला माणूस विस्तव काठीने उकरल्याशिवाय, माती लोटल्याशिवाय हलत नाही. मी हललो. शाल अंगावर पडते न पडते तोच कोणीतरी ओरडलं. वळून बघतो तर आग पळत होती. गावातली माणसं ओल्या डहाळ्या घेऊन धावत आली, त्यात सगळ्यांच्या पुढे जोमा. अर्धा उतार जळाला तेव्हा ती थांबली. रोपं गेली, पाट्या तेवढ्या राहिल्या.

सकाळी मॅडम, जंगलखात्याचा माणूस, पोलीस पाटील, सगळे उतारावर. मॅडमनी खाली बोट दाखवलं. ओढ्याच्या पलीकडे जोमाचा राबाचा तुकडा, काळा. हे काय आहे? पाटील म्हणाला, राब हाय, काल सकाळीच भाजला. जंगलखात्याच्या माणसाचे डोळे चमकले, त्याला घरी जायची घाई होती. मधे केवढा कोरडा ओढा, नुसते दगड, आणि राब विझून थंड झालेला, गावातल्या शेंबड्या पोरालाही कळेल. जोमा तिथेच उभा होता, रात्रीच्या धुराने डोळे लाल. तो अजिबात घाबरला नाही. मला दाखवून म्हणाला, मास्तरला इचारा ना, मास्तर हाय ना हितं.

सगळे माझ्याकडे वळले. आणि मी काय म्हटलं ते शब्दन् शब्द सांगतो. मी म्हटलं, राब काल भाजला हे खरं, आता एखादी ठिणगी कुठे लपून राहिली असेल तर काय सांगावं.

बघा, यात खोटं एक वाक्य नाही. मास्तर माणूस, वाक्य शुद्धच करणार.

जोमा माझ्याकडे बघत राहिला. मग खांद्यावरचा पंचा काढून झटकला, परत खांद्यावर टाकला, आणि ओढा उतरून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याला राब पेटवायला कोणी निरोप धाडला नाही. मास्तर बोलले म्हणजे असेल काहीतरी, असं गाव म्हणालं, आणि बायका म्हणाल्या, हात बिघडला त्याचा. लोकांचे राब पेटताना तो ओट्यावर बसून बघायचा. त्यानंतर त्याने स्वतःचाही भाजला नाही. मुलीकडे कामोठ्याला गेला, सेक्टरातल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण तुमच्या केंद्राने त्याचं नाटक केलं. वणवा जनजागृती. त्यात एक अडाणी शेतकरी, नाव राब्या, कोळशाची मिशी, हातात पलिता, तो खदाखदा हसत डोंगर पेटवतो, आणि पोरं पानांचे मुकुट घालून येतात, राब्या राब्या, आग नको लावू, असं गातात, मग तो रडतो आणि झाड लावतो. दरवर्षी मे महिन्यात. आणि दरवर्षी माईकवर मी, फेटा बांधून, सत्य घटनेवर आधारित.

मी कामोठ्याला गेलो नाही असं नाही. गेलो. रिक्षातून उतरलो, जिने चढलो, त्याने चहा पाजला. गुडघ्यांबद्दल बोललो, सुरमईच्या भावाबद्दल बोललो. तो म्हणाला, मास्तर, हितं वाराच कळत नाय, खिडकी उघडली तर समोरची भिंत. मी म्हटलं, हो, कळत नाही खरं. आणि चप्पल घालून खाली आलो. परत गेलो, परत तेच.

मग मागच्या मे महिन्यात काय झालं, जोमाची नात शिबिराला आली. शाळेतून नाव गेलं होतं, तिला बिचारीला यातलं काही ठाऊक नाही. तालमीत तिला गावाकडची बोली झकास यायची, आजोबाचीच की, म्हणून मॅडमनी तिलाच राब्या केलं. मी बघत होतो. बोललो नाही. समारोपाला पाहुण्यांत जोमा आला, इस्त्रीचा सदरा, पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर. मी माईकशी. त्याच्यासमोर ते तीन शब्द म्हटले, सत्य घटनेवर आधारित. नात कोळशाची मिशी लावून आली, पलिता नाचवला, पोरं ओरडली, राब्या राब्या, आणि जोमा सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवत होता.

नाटक संपलं तेव्हा माईक माझ्या हातात होता. जोमा समोर होता. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, सर्वांनी अल्पोपहार घेतल्याशिवाय जाऊ नये.

मग वडापावच्या रांगेत तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता बोलेल, बोलू दे, मारू दे. तो हळूच म्हणाला, मास्तर, मिशी बराबर हाय रं, पन पोरगी वाऱ्याबरोबर पेटवते. आपण कवा असं पेटवतो का? तिला शिकव जरा.

आपण म्हणाला तो. मला धरून.

मी म्हटलं, सांगतो तिला.

दिवाळीच्या आधी जोमा गेला. यंदाचं नाटक बसतंय, मला फेटा धुऊन ठेवायला सांगितलाय. स्मरणिकेत हे छापणार नाहीत, मॅडमना मी ओळखतो. त्या वाईट नाहीत, वाईट असायला लागतं तेवढं त्यांचं लक्षच नसतं. पण तुम्ही हा कागद कामोठ्याला नेऊन द्या, जोमाच्या मुलीकडे, आणि नातीला वाचून दाखवा. तिने परत राब्या होऊ नये. झालीच, तर वाऱ्याच्या उलट पेटवावं. आणि खाली एवढं लिहा, जे मला जिन्यात पाठ होतं आणि दारात आठवलं नाही. जोमा, तुझा राब विझला होता. विस्तव माझा होता, मी उकरला नाही. तू मास्तरला इचारा म्हणालास, तेव्हा मला म्हणायचं होतं…