फुलवाल्याचा नंबर

मोहनरावांच्या थोरल्या नातीचं लग्न झालं, ते निवडणुकीचं वर्ष. मतदानाच्या आदल्या दिवशी ते इंदूरच्या पलासियात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते. मागच्या बाकावर त्यांच्या छत्रीबागेतल्याच सरोजिनीबाई होत्या, सोबत पुतणी निशिगंधा.

"काकू, उद्या सकाळीच मत देऊन येऊ."

"मी नाही येत गं. फोन आला होता. यादीत माझ्या नावावर हरकत आहे म्हणे. मत दिलं तर पेन्शन बंद, वर घरी पोलीस."

"कोण बोललं?"

"एक बाई. मी दोनदा विचारलं, बेटी, तुझं नाव काय? पण ती आपलंच बोलत राहिली. भारी उद्धट!"

"अगं, ती रेकॉर्डिंग होती!"

"पण नंबर तर आला ना मोबाईलवर?"

"नंबर दुसऱ्याचाही दाखवता येतो. लाव बरं त्यालाच. स्पीकरवर ठेव."

"हॅलो, कौन?"

"माताजी, आप भी पेन्शनवाली? भगवान कसम, मैंने किसी को फोन नहीं किया! खजराना मंदिर के बाहर फूल बेचता हूँ. सुबह से कोई रो रहा है, कोई गाली दे रहा है."

"अरे राम! भैया, तुमने खाना खाया?"

"कहाँ, माताजी! आप तो बस वोट डाल आओ."

"...निशिगंधा."

"काय गं?"

"उद्या रिक्षाच बोलाव. वरच्या मजल्यावरच्या अमितालाही न्यायचंय. तिलाही तोच फोन आलाय, सकाळपासून रडतेय बिचारी."

सरोजिनीबाई मत देऊन आल्या. निकालाच्या आदल्या दिवशी सकाळी त्या राहत्या घरी वारल्या.