घट्ट खीर वरून गार लागते तेव्हा

सकाळी सव्वासातला टँकरचा भोंगा वाजला. लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हाचा दुष्काळ. माझा बाळू भुकेनं रडत होता.

घागर घेऊन निघालेल्या सासूबाई ओरडल्या, "भरव की लवकर!"

रव्याची घट्ट खीर बोटाला गार लागली. बाळूनं तोंड उघडलं. मी चमचा खालून भरला, पण आत गरम असेल या भीतीनं आधी माझ्याच ओठाला लावला. चर्रकन भाजलं!

वाटी पाण्यात ठेवावी, तर घरात थेंब न्हाई. सासूबाईंनी घागर ठेवली अन् खिरीत पितळी चमचे उभे खोचले. दांडे तापू लागले, आतली आच बाहेर निघाली.

"आत्याबाई, टँकर जाईल!" मी म्हटलं.

"जाऊ दे. पाणी शेजारी मागू, लेकराची जीभ कुठं मागायची?"

घट्ट खीर दुधासारखी आपोआप वरखाली होत न्हाई, वरून गार झाली तरी आत गरमच राहते, बायांनो. खालचा घास आधी आपल्या ओठाला लावा, अन् लेकीसुनांनाही सांगा.