गोलूच्या कोर्टात माझा अर्ज

…आणि वर एखादा पर्यटक मलाच विचारतो, "काका, पहाड कुठून सुरू होतो?" अरे, तुझ्या गाडीचं पुढचं चाक डोंगरात आहे आणि मागचं मैदानात, आणखी काय सांगू तुला? एकतीस वर्षं भूगोल शिकवला मी हल्द्वानीच्या शाळेत. तुम्हाला सांगतो, आमच्या भाबरात, म्हणजे डोंगरपायथ्याच्या या दगडगोट्यांच्या पट्ट्यात, नदी दगडांखाली गडप होते आणि पार खाली तराईत जाऊन वर येते, एवढं नवल पायाखाली, पण यांना हवं काय? तर नैनिताल! थंड हवा आणि गरम मॅगी! हल्द्वानीत कुणी थांबत नाही हो. थांबलेच तर पंक्चर काढायला, नाहीतर गाडीत कुणी ओकलं म्हणून.

थांबत नाहीत तेच बरं, असं आता वाटतं. काठगोदामच्या वर चढलं की आमच्या गोलू देवाचं छोटं देऊळ आहे. न्यायाचा देव. वकील नको, तारीख नको, स्टँप पेपरवर गाऱ्हाणं लिहायचं, देवळात बांधायचं, न्याय मिळाला की घंटा वाहायची. शेकडो कागद लटकलेत तिथे. पण देवाला लिहिलेला कागद देवानं वाचायचा, ही अक्कल आमच्याकडे शेंबड्या पोरालाही असते…

माझाही होता एक. सांगतो, आता लपवून काय उपयोग! आमचं घर एक, भाऊ दोन, मधल्या भिंतीत एक दार. थोरले केवलानंद, त्यांना मी दाज्यू म्हणतो. इजा, म्हणजे आमची आई, ब्याऐंशीची, राहते दाज्यूंकडे, पण रोज संध्याकाळी त्या दारातून माझ्याकडे येऊन बसायची. होळीनंतर दाज्यूंनी कडीच घातली. का? तर इजाला साखरेचा आजार, आणि मी बाल मिठाई दिली, आमच्याकडची खव्याची. दोन तुकडे! दोन तुकड्यांसाठी आईला कोंडायचं? पुढच्या दारानं जावं, तर दाज्यू अंगणात खुर्ची टाकून पहाऱ्याला. सात आठवडे भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकत बसलो, खरं सांगतो, जीव तुटायचा. आणि थोरल्या भावाला उलट बोलायची आमच्यात रीत नाही. मग गेलो गोलूकडे, गुपचूप अर्ज बांधून आलो, बायकोलाही पत्ता लागू दिला नाही.

आणि नेमका असाच एक पर्यटक तिथे आला! डोक्यावर काळा चष्मा, गुडघ्यावर फाटलेली पँट, काठीला लावलेला मोबाईल. घाटात गाड्या तुंबल्या म्हणून आला देवळात, एरवी हल्द्वानीत कुणी थांबत नाही! शेकडो कागदांत याच्या हाताला माझाच लागावा? लागला की वाचायला, रडका सूर काढून: "गोलू महाराज, दाज्यूंनी मधलं दार बंद केलंय. मी इजाला मिठाई दिली हे खरं. आठ तुकडे दिले…"

हो, आठ! तुम्हाला दोन सांगितले तर चालतं, गोलूला कसं सांगणार? घोड्यावरून येऊन पाठ सोलून काढेल तो. "…दाज्यू वाईट नाहीत, लहानपणापासून हट्टी आहेत. त्यांना काही करू नका. फक्त दार उघडा."

हे एका देवाच्या कानात सांगितलं होतं मी, त्या गाढवानं व्हिडिओ टाकून चार लाख लोकांच्या कानात ओतलं! दूधवाल्यानं पाहिलं, पोस्टमननं पाहिलं, दाज्यूंच्या सुनेच्या माहेरी पिथौरागढपर्यंत पाहिलं. हल्द्वानीत कुणी थांबत नाही म्हटलं ना? माझ्या फाटकापाशी मात्र जो तो थांबायला लागला. तीन दिवस मी घराबाहेर पडलो नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मधली कडी वाजली. दारात दाज्यू, मागे इजा. म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. दाज्यू माझ्याकडे बघेनात, भिंतीकडे बघत म्हणाले, "ख्याली, मला तर तू दोनच तुकडे सांगितले होतेस."

इजा त्यांना बाजूला सारून आत आली, नेहमीच्या खुर्चीत बसली नि म्हणाली, "बारा होते. चार मी याच्या डब्यातून उचलले."

दाज्यू हसले हो! दार ढकलून उघडंच ठेवलं आणि चहा मागितला. माझे डोळे भरून आले, धुराचं निमित्त सांगायलाही घरात आता गॅस.

दुसऱ्या दिवशी आमचे पुजारी मथुरादत्त म्हणतात, "मास्तर, काम झालं, घंटा बांधा." म्हटलं, काम गोलूनं केलं की त्या फाटक्या पँटनं? तर म्हणतात, "देवानं कुणाकडून करून घ्यावं, ते तुम्ही ठरवणार?"

बांधली मग. गोलूच्या कोर्टाबद्दल माझी तक्रार नाही, निकाल चोख लागतो. पण समन्स पोचवायला बेलीफ असला? …जाऊ द्या. देवाला तरी हल्ली चांगली माणसं मिळतात कुठे!