दोन सेन्सर, एक वायर

हरियाणात, मानेसरच्या बसच्या रांगेत मराठी ऐकू आलं, तसे संपदाने कान टवकारले. पुढे एक तरुण इंजिनीअर आणि त्याच्या वरिष्ठ बाई उभ्या होत्या.

“मॅडम, पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली कामगाराचा हात गेला तर ती थांबवायला दोन सेन्सर आहेत. एक बिघडण्याची शक्यता हजारात एक, दोन्ही एकदम दहा लाखांत एक.”

“सरळ गुणाकार केलास? दोघांना वीज कुठून येते?”

“एकाच वायरवरून.”

“ती तुटली तर?”

“दोन्ही बंद.”

“आणि प्रेस?”

“चालूच राहील.”

“मानस, शिफ्ट किती वाजता आहे?”

“सुरू झालीय. रिपोर्टवर माझीच सही आहे.”

“फोन लाव.”

“साहेब भडकतील, मॅडम.”

“लाव म्हणते ना!”

मानसने फोन कानाला लावला. रांग पुढे सरकली, पण संपदा हलली नाही.

“भैया, प्रेस अभी रोको. नहीं, साहब से मत पूछो. गलती मेरी है.”