श्रावणातला मासा

श्रावणात सालवडच्या चिकनच्या दुकानात शुकशुकाट होता. अंड्यांसाठी आलेल्या मोनालीच्या पुढं फक्त गोजराबाई उभ्या होत्या, पदर कपाळापर्यंत ओढून.

“भावेश, कोंबडी साफ करून उरलेलं दे, बाबा. काचेतल्या माशाला.”

“श्रावण नाय पाळत, मावशी?”

“आमी पाळतो. माशाला कसला श्रावण?”

“केवढा हाय मासा?”

“बोटाएवढा.”

“मग हे घ्या, चिमूटभर.”

“एवढ्यानं काय होतंय? पिशवी भर की!”

“बोटाएवढा मासा पिशवीभर खातो?”

“हळद-मीठ लावून शिजवलं की तुटून पडतोय.”

“आन नागोरावकाका?”

“ह्यांना त्याच्याजवळ बसावं लागतंय. त्याला एकट्याला घास उतरत न्हाई.”

भावेशनं मान खाली घालून सुरी उचलली.

“तंगडी टाकू, माशाला?”

“टाक. पण मऊ बघून. माशाची कवळी ढिली झालीया.”